पिकअपखालच्या अक्षता

बेस गिटारचा पिकअप वर-खाली करायला फारसं काही लागत नाही. दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. स्क्रू घट्ट केला की पिकअप लाकडात खाली बसतो. सैल केला की त्याच्याखालचा फोम त्याला वर ढकलतो, तारांच्या जवळ. जवळ गेला की आवाज मोठा. पिकअप म्हणजे तरी काय, चुंबकं आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की खालच्या गुंडाळीत करंट येतो. मँचेस्टरला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी हे फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा माझ्या मनात आलं, हे तर आमच्या घरी सोफ्यामागे उभं आहे.

आमच्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली. आईच्या बाजूनं पहिली, बाबांच्या बाजूनंही पहिली. इथल्या मराठी मंडळात निम्मे लोक डॉक्टर, त्यांच्या मुलांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. मला वाटतं, म्हणून सांगते.

बाबा साताऱ्याकडचे. आईचे वडील आधीपासून इंग्लंडात, लंडनजवळ स्लाऊला होते, म्हणून बाबा लग्न करून इकडे आले आणि पुढे कित्येक वर्षं मंडळातली माणसं त्यांना घरजावई म्हणून चिडवत राहिली. तिथल्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, पत्र्याचे भाग कापणाऱ्या एका कारखान्यात ते प्रेसवर होते. खाली पत्रा सरकवायचा, हात काढायचा, वरून प्रेस आदळणार. पुन्हा पत्रा, पुन्हा हात, पुन्हा धाड. कारखाना बंद पडल्यावर वेअरहाउस, आणि मग रिटायर. तो कारखाना होता त्याच रस्त्यावर आता डेटा सेंटर आहे आणि मी तिथे इंजिनीअर आहे. आम्हाला सर्व्हरच्या हॉलमध्ये कानांना आवाज अडवणारे मफ लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. दारातच हुकावर टांगलेले असतात.

बेस त्यांनी कारखान्यातल्या एका जमैकन मित्राकडून विकत घेतला आणि त्याच्याकडूनच शिकले. जेवणाच्या सुट्टीत, माल चढवतात त्या लोडिंग बेच्या मागे. मग मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात गाण्यांना साथ करायला लागले. गाणारे बहुतेक डॉक्टर आणि आयटीवाले; वाजवणारे मिळतील ते. बाबा कायम मागे, ड्रमच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून. आम्ही लहान होतो तेव्हा लोक म्हणायचे, काका तुम्ही होतात का स्टेजवर, दिसला नाहीत. आईचं त्यावर ठरलेलं उत्तर असायचं. "पोळ्यांसारखं आहे यांचं. आज पोळ्या छान झाल्या असं कुणी म्हणतं का? पानात नसल्या की ओरडतात."

बाबांना ते आवडायचं. तेही कधीकधी म्हणायचे, "मी पोळीवाला."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी बाबा म्हणायला लागले, "बोट ऐकू येत नाही."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "आवाज येतो गं. घूं करून येतो. पण बोट कुठं लागलं ते ऐकू येत नाही." बेसच्या प्रत्येक सुरापुढे एक बारीक टक असते, बोट तार सोडतं त्याची. ड्रमशी जुळवायचं असतं ते त्या टकीनं. बाबांना ती येईनाशी झाली होती. त्यांनी तारा बदलल्या. मग केबल बदलली. मग स्वतःच स्क्रू फिरवून दोन्ही पिकअप वर घेतले, मग आणखी वर. मला त्यातलं काही सांगितलं नाही.

सांगितलं ते डॉक्टरकाकांनी. मंडळाचा कार्यक्रम तेच बसवतात, हॉस्पिटलमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते, स्वतः गातात, बरे गातात. मला कामावर फोन आला.

"अगं, बिझी नाहीस ना?"

"बोला काका."

"तुझ्या बाबांचा बेस. कसं सांगू तुला. सूर हलतो गं त्यांचा. हात वरच्या बाजूला गेला की एकाच सुराचे दोन ऐकू येतात. आम्हाला गायला पट्टी सापडत नाही. मी म्हटलं, इन्स्ट्रुमेंट जुनं झालंय, तू एकदा बघ. तू इंजिनीअर ना आमची."

"बघते मी."

"आणि बघ, नाहीच झालं तर टेन्शन नको घेऊस. या वर्षी कीबोर्डला नवीन मुलगा आलाय, डाव्या हातानं बेस व्यवस्थित सांभाळतो. त्यांना तरी कशाला या वयात उभं करायचं? पुढच्या रांगेत खुर्ची देऊ त्यांना. सन्मानानं."

मी म्हटलं, "ते इतकी वर्षं मागे उभे आहेत काका. त्यांना खुर्ची नकोय."

"आय नो, आय नो. म्हणून तर आधी तुला फोन केला."

फोन ठेवल्यावर मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता हेही कळलं. दिवाळीपर्यंत बेस सुरात आला नाही तर बाबांची जागा जाणार होती. त्यांना त्या एका जागेशिवाय मंडळात दुसरी जागा नव्हती. कमिटीत कधी कुणी घेतलं नाही, भाषणं त्यांना येत नाहीत, आणि डॉक्टर मंडळी जेवताना ज्या गप्पा मारतात त्यात ते नुसते हसतात. स्टेजवर मात्र कुणाला गाणं सुरू करायचं झालं की आधी मागे वळून बाबांकडे बघावं लागायचं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी घरी गेले. बेस जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला, खाली टॉवेल. आई शेजारी उभी, बाबा समोर खुर्चीत, हात मांडीवर. डॉक्टरकडे पेशंट घेऊन आल्यासारखे.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. बाबांचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, आईचं शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप, आणि मधोमध पाट मांडून त्याच्यावर बेस. आई त्याच्यावर हळदकुंकू वाहते, वरून अक्षता टाकते. पिकअपवर चुंबकांची गोल डोकी दिसतात, त्या प्रत्येकावर ती बोटानं कुंकू लावते. लहानपणी मी विचारलं होतं, तिथे का. ती म्हणाली, ते त्याचे डोळे आहेत. मला कळायला लागल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. पूजा झाली की बाबा फुंकर मारायचे आणि वाजवायला घ्यायचे.

मी तारा सैल करून बाजूला घेतल्या, स्क्रू काढले आणि पिकअप अलगद उचलला. खालच्या खळग्यात तांदूळ होते. कित्येक वर्षांचे. काही पिवळे, काही काळे पडलेले, हळदीत भिजून वाळून लाकडाला चिकटलेले. कुंकवाचा थर जमून लाल खरपुडी झाली होती. चुंबकानं ओढून घेतलेली लोखंडाची बारीक पूड तिला चिकटली होती. फोमचा पार चुरा झालेला. आणि बारीक तारेच्या बाजूला अक्षतांचा एक घट्ट पुंजका असा अडकला होता की पिकअप त्या बाजूनं खाली जाणंच शक्य नव्हतं. तो तिरका, तारांना जवळजवळ टेकलेला बसला होता.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. दोष सापडला होता. तांदळाचा दोष होता. तांदूळ काढता येतात.

"म्हणजे माझ्यामुळे?" आई म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही, तुझ्या भक्तीमुळे," बाबा म्हणाले.

"एवढी वर्षं फुंकर कोण मारत होतं? सगळं आत ढकललंत तुम्ही."

"लक्ष्मी आपण होऊन आत बसली, तिला मी कोण बाहेर काढणार?"

"ऐकलंस? लक्ष्मी म्हणे. बेसमधून कधी एक पौंड आला नाही घरात."

मी चिमट्यानं दाणे काढत होते आणि ही दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होती. त्या दुपारी आमचं घर बरं वाटत होतं. आईच्या योगा मॅटचा कोपरा कापून मी नवीन फोम केला. तिनं मॅट एकदाच वापरली होती, त्यामुळे फारशी हरकत घेतली नाही.

मग उंची लावायची. त्याची रीत अशी, की तार गळ्यावरच्या शेवटच्या पट्टीवर बोटानं दाबून धरायची आणि तार नि चुंबक यांच्यामधली फट मोजायची. घरात मोजायला सोपी वस्तू म्हणजे नाणी. जाड तारेखाली एक पेनीची दोन, बारीक तारेखाली दोन पेन्सचं एक, सहज सरकतील इतकी जागा. त्यात एक गंमत आहे. आताची तांबडी नाणी आतून पोलादाची, ती टपकन चुंबकाला चिकटतात. जुनी हवीत, ब्राँझची. बाबांच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात ती होती, कारण बाबा काही टाकत नाहीत. मी स्क्रू पाव पाव फिरवत, नाणं सरकवून बघत, दोन्ही पिकअप सरळ आणि खाली घेतले. तारा ताणल्या. सूर मोजणारा ट्यूनर लावून वरच्या पट्ट्यांवर जाऊन एकेक सूर वाजवला. काटा मध्ये येऊन स्थिर राहिला. हलला नाही. मला बेस वाजवता येत नाही, पण सूर हलत नाही एवढं मला ऐकू येत होतं.

"घ्या बाबा. झाला."

त्यांनी पट्टा खांद्यावर घेतला, डोळे मिटले आणि एका जुन्या गाण्याची चाल धरली. थोडा वेळ वाजवलं. मग थांबले.

"नाही."

"काय नाही?"

"लांब गेला. भिंतीपलीकडं कुणी वाजवतंय असं येतंय. जवळ घे तो."

"बाबा, जवळ घेतला की चुंबक तारेला ओढून धरतं. तिला मोकळं हलता येत नाही. मग एका सुराचे दोन होतात. डॉक्टरकाका तेच म्हणत होते."

"मला नाही दोन ऐकू येत."

"त्यांना येतात."

"ॲम्पवर बघ मग. ट्रेबल वाढव."

ॲम्प माझ्या पायाशी होता. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण अर्ध्यावर होतं. मी ते वाढवलं. ते वाजवत होते, डोळे मिटलेले. मी आणखी वाढवलं. बोटांची टक आता खोलीभर वाजत होती, तारेवर नख घासल्याचा आवाजसुद्धा येत होता. मी बटण शेवटापर्यंत नेलं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अगं काय कर्कश लावलंय. कमी कर ते, दात शिवशिवले माझे."

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "वाढवतेयस ना?"

मी बटणावर हात ठेवून बसून राहिले. आई दारात आली, हातात झारा. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि परत आत गेली. मी बटण हळूहळू जागेवर आणलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही.

मी गोड करून सांगणारी नाही. म्हटलं, "बाबा, बेस ठीक आहे. कान तपासायला हवेत."

"कान ठीक आहेत. तुझी आई भिंतीपलीकडून बोलते तेही ऐकू येतं."

"ती काय म्हणाली आत्ता?"

त्यांनी डोळे उघडले.

थोड्या वेळानं मी विचारलं, "कारखान्यात मफ नव्हते का?"

"होते की. खिळ्याला टांगलेले. पहिल्या आठवड्यात लावले मी." त्यांनी बेसच्या गळ्यावरून हात फिरवला. "प्रेस बिघडायची ना, तर आधी तिचा आवाज बदलायचा. खाली यायच्या आधी जराशी कचकच करायची. ती ऐकली की हात मागं घ्यायचा. माझ्या शेजारी होता तो मफ लावून काम करायचा, नियमानं. त्याची दोन बोटं गेली. मी दुसऱ्या दिवसापासून काढून ठेवले." त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला, पंजा पसरून. "ही सगळी आहेत ती त्यामुळं. बोटं नसती तर हे वाजवलं असतं का?"

मी रोज दारातल्या हुकावरून मफ घेते आणि आत जाते, कारण मला यंत्राचा आवाज ऐकावा लागत नाही. माझी बोटं कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर असतात.

"दिवाळी होऊ दे," ते म्हणाले. "मग जाऊ कानाला."

"ठीक. पण पिकअप आहेत तिथेच राहतील. स्क्रूला हात लावायचा नाही."

"बरं."

"बाबा."

"बरं म्हटलं ना."

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता, दुपारचा. फराळाची टेबलं एका कडेला, लहान मुलं रेशमी कपड्यांत स्टेजसमोर पळत होती. मी आणि आई चौथ्या रांगेत बसलो. पडदा सरकला तेव्हा बाबा ड्रमशेजारी उभे होते, इस्त्रीचा कुर्ता, वर जाकीट. मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बेसकडे. स्टेजचे दिवे वरून पडत होते. पिकअप नि तारा यांच्यामध्ये जी सावली दिसायला हवी होती ती दिसत नव्हती. त्यांनी स्क्रू फिरवले होते. दोन्ही पिकअप पार वर.

आई म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही."

गाणं सुरू झालं. बेस येत होता, गोल, स्वच्छ, सुरात. मला क्षणभर कळेना. मग मी कीबोर्डवाल्या मुलाचा डावा हात बघितला. बेस त्या हातातून येत होता. बाबांचा उजवा हात चालला होता, डावा पट्ट्यांवर वर-खाली होत होता, मान ठेक्यावर हलत होती, आणि त्यांचं हॉलमध्ये काहीही येत नव्हतं. त्यांच्या पायाशी त्यांचा छोटा ॲम्प होता, त्याच्यातून त्यांना स्वतःचं ऐकू येत असणार. जेवढं येतं तेवढं.

मी उठून मागे मिक्सरपाशी गेले. डॉक्टरकाका तिथे उभे होते, पहिलं गाणं त्यांचं नव्हतं. मिक्सरवर प्रत्येक वाद्याला वर-खाली सरकणारी एक पट्टी असते. बेसची पट्टी तळाला होती.

ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साउंड चेकला पुन्हा तसंच झालं गं. हॉल भरायला लागला होता. सांगायला वेळ नव्हता, आणि खरं सांगू, तोंडही नव्हतं. वाजवू दे ना त्यांना. कुणाला कळतंय?"

"मला कळलं."

"तू घरची आहेस."

मी पट्टीवर बोट ठेवलं आणि ती वर सरकवली. ते मला अडवायला पुढे झाले आणि मग थांबले. बाबांचा आवाज हॉलमध्ये आला. जाड, जवळचा, आणि वेडावाकडा. प्रत्येक सूर निघाल्यावर डोलत होता, पाण्यात दिसणाऱ्या दिव्यासारखा. गाणाऱ्या बाईंनी मान वळवून मागे बघितलं. तिसऱ्या रांगेतल्या कुणीतरी बघितलं. पुढच्या ओळीला बाईंचा स्वर घसरला.

मी पट्टी परत खाली नेली. माझ्या हातानं, तळापर्यंत.

हे मी लिहिताना लाजत नाही. एकदा ऐकल्यावर मी दुसरं काही करू शकत नव्हते. बाबांनी इतकी वर्षं गाणं सांभाळलं होतं, ते त्यांच्याच हातानं मोडताना सगळ्यांनी ऐकावं, हे मला नको होतं. मी चौथ्या रांगेत परत आले आणि शेवटच्या गाण्यापर्यंत त्यांचे हात बघत बसले. एकही सूर त्यांनी सोडला नाही. बोटं तालात होती.

नंतर फराळाच्या टेबलापाशी लोक भेटले. एक बाई बाबांना म्हणाल्या, "काका, या वर्षी तुमची गिटार अगदी क्लीअर ऐकू आली हं. दरवर्षी येत नाही."

बाबा म्हणाले, "या वर्षी लेकीनं दुरुस्त केली."

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. मी चकली घेतली आणि ती हातातच राहिली.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता. मी गाडी चालवत होते, आई मागे, बेस तिच्या शेजारी सीटवर आडवा. बाबा पुढे. इस्टेटच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते माझ्याकडे वळले. हल्ली ते ऐकायचं असलं की तोंडाकडे बघतात.

"कसा आला?"

आई मागून म्हणाली, "छान आला. घरी चला आधी."

त्यांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. ते माझ्याकडेच बघत होते. "स्क्रू फिरवले मी. म्हणून रागावलीयस?"

"नाही."

"मग? डोलत होता का?"

मी म्हटलं, "बाबा, तुमचा आवाज हॉलमध्ये सोडलाच नव्हता. कीबोर्डवरून बेस दिला."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी गाडी पुढे काढली.

"कुठल्या गाण्यापासून?"

"पहिल्या."

उजवीकडे आमच्या डेटा सेंटरची लांब राखाडी भिंत गेली, खिडक्या नसलेली. तिथे पूर्वी त्यांच्या कारखान्याचं गेट होतं.

"डॉक्टरांनी केलं?"

"आधी त्यांनी. मग मी वर केला. मग मीच खाली केला."

"वर केलास तेव्हा ऐकलास तू?"

"ऐकला."

"वाईट होता?"

"हो."

आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, जोरात, गप्प बस म्हणून. बाबांनी मान डोलावली. मग पुढे बघून म्हणाले, "बरं झालं खाली केलास." घर आलं. गाडीतून बेस त्यांनी उतरवला नाही. तो मी आत आणला.

कान तपासून झाले. हॉस्पिटलनं मशीन दिलं, दोन्ही कानांचं. आईचं बोलणं आता त्यांना ऐकू येतं. भांडणं पूर्वीपेक्षा वाढली आहेत, असं ती म्हणते आणि त्यात तिला बरंही वाटतं. पण मशीन लावून बेस ऐकला तर तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो, आणि काढून ऐकला तर बोट येत नाही. दोन्ही करून बघितलं त्यांनी. हिवाळाभर, रोज थोडं. मार्चमध्ये बेस सोफ्यामागे उभा केला आणि परत घेतला नाही. डॉक्टरकाकांनी फोन करून खुर्चीचं विचारलं. बाबा म्हणाले, बघू. त्यांच्या बघूचा अर्थ मला माहीत आहे.

या वर्षी खंडेनवमीला मी सकाळीच गेले. आईनं पाट मांडला होता. पाने, स्क्रूड्रायव्हर, शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप. बेस आणायला ती सोफ्याकडे वळली तेव्हा बाबा म्हणाले, "थांब. आधी तो नीट करू दे तिला."

"कशाला आता?" आई म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं. तिनं लगेच ओठ मिटले.

"पूजेला ठेवायचा तर चुकलेला ठेवू नये."

बिस्किटांचा डबा त्यांनी स्वतः काढून आणला. मी तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरली, त्यांनी ब्राँझची नाणी खाली सरकवली. पिकअप पुष्कळ वर होता. मी स्क्रू पाव फिरवला. त्यांनी नाणं सरकवून बघितलं, मान हलवली. पुन्हा पाव. असं दोन्ही पिकअपचं केलं, दोन्ही बाजूंनी. नाणं अडकतं की सरकतं ते दोघांना दिसत होतं. मग मी ट्यूनर लावला आणि त्यांच्याकडे बेस दिला. त्यांनी उभं न राहता, खुर्चीतच, मांडीवर घेतला. वरच्या पट्टीवर एक सूर वाजवला. मशीन त्यांच्या कानात नव्हतं, टेबलावर होतं. ते काट्याकडे बघत होते. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला, सूर संपेपर्यंत.

"सुरात आहे?"

"आहे बाबा."

"मग घे."

मी बेस पाटावर ठेवला. आईनं हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचं बोट पिकअपवर नेलं आणि मग लाकडावर लावलं, पिकअपच्या बाजूला. अक्षता तिनं वरून टाकल्या नाहीत. चिमूटभर घेऊन पाटाच्या कोपऱ्यात ठेवल्या. बाबांनी सवयीनं फुंकर मारायला तोंड पुढे केलं, मग मागे घेतलं, कारण उडवण्यासारखं तिथे काही नव्हतं.